माळ मोजून घ्या: वसईतल्या एका चर्चसामानाच्या दुकानाविषयी

माळ घेताना आधी मणी मोजा. काउंटरवर उभं राहून मोजा, लाजायचं कारण नाही. पूर्ण रोझरीत, म्हणजे कॅथलिक जपमाळेत, ५९ मणी हवेत: 'नमो मारिया' या प्रार्थनेचे ५३ आणि स्वर्गीय पित्याचे ६. या दुकानात दारालगत जुडीने टांगलेल्या प्लास्टिकच्या माळांत हमखास एखादी अशी निघते, जिच्या दुसऱ्या किंवा चौथ्या दशकात, म्हणजे दहाच्या गटात, मणी नऊ असतात, नाहीतर अकरा. डझनाच्या भावाने हातमजुरीवर जोडलेला माल. जोडणाऱ्याचं लक्ष चुकतं, दुकानदार तपासत नाही आणि घेणारा घरी नेऊन खिळ्याला अडकवतो, म्हणून कुणाला कळतही नाही. बोटांतून फिरली असती तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं.

दुकान वसईतलं, स्टेशनच्या पश्चिमेचं. नाव मुद्दाम दिलेलं नाही. या पट्ट्यातल्या दुकानांचा माल थोड्याफार फरकाने एकाच घाऊक बाजारातून येतो, त्यामुळे इथले गुणदोष शेजारच्या दुकानालाही लागू पडतात. दोन गाळे एकत्र करून केलेली लांबट जागा. दाराशी चहाचे मग, चावीचे छल्ले, गाडीच्या आरशाला लटकवायचे क्रूस, दिव्यांच्या चांदण्या. मधल्या भागात मेणबत्त्या आणि मूर्ती. अगदी मागे, पंख्याचा वारा पोचत नाही तिथे, मराठी प्रार्थनापुस्तकं, स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे कापडी तुकडे), धूप आणि बायबल. मांडणी अर्थातच खपाच्या हिशेबाने केलेली आहे. आजच्या श्रद्धेची तब्येत कशी आहे हे पाहायचं असेल त्याने परिसंवादांना जाऊ नये, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चालत जावं.

माळांचंच आधी संपवू. समुद्राजवळच्या हवेत मीठ असतं आणि मुलामा दिलेली लोखंडी तार त्या हवेत फार टिकत नाही. आधी दुव्यांच्या तोंडाशी तपकिरी ठिपके येतात, मग बोटं काळी होतात, मग एक दिवस माळ मधोमध सुटते. खिशात छोटं चुंबक न्या, मोबाइलच्या फ्लिप कव्हरमधलंही चालेल. तारेला चिकटलं तर आत लोखंड आहे, 'स्टील आहे' असं कितीही सांगोत. पितळ चिकटत नाही, चांगलं स्टीलही बहुधा चिकटत नाही. दुसरं म्हणजे दुवा पाहा. नुसता वाकवून बंद केलेला फासा लहान मुलाच्या एका हिसक्यात उघडतो. तार स्वतःभोवती दोन-तीन वेढे घेऊन बांधलेली असेल तर उघडत नाही. तिसरी जागा मधल्या पदकाची. ती बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते आणि तिचे तीन कान ठिसूळ असतात. तुटणारी माळ नव्वद टक्के तिथेच तुटते, असं दुरुस्ती करणारेच सांगतात.

या सगळ्या कटकटीतून सुटायचं तर गाठींची दोऱ्याची माळ घ्या. नायलॉनच्या सुतळीची, प्रत्येक मण्याच्या जागी तीन वेढ्यांची गाठ. गंजत नाही, वाजत नाही, खाऱ्या पाण्यात भिजली तरी तिला काही होत नाही. दुकानात ती मागितल्याशिवाय दाखवत नाहीत, कारण तिच्यात नफा नाही. खरं तर विकतही घेऊ नये. साधारण सहा-सात मीटर दोरा लागतो आणि पाचूबंदरच्या जाळी विणणाऱ्या हातांना ही गाठ शिकवावीही लागणार नाही. दोऱ्याचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या, नाहीतर शेवटची गाठ सरकते.

रात्री चमकणारी माळ, दहा मण्यांचं फॅशनचं कडं, सुगंधी मण्यांची माळ हे सगळं आहे. कड्याला हरकत नाही, ते वापरात तरी राहतं. पण एक वस्तू पाहून थांबावं लागतं: प्लग लावला की आपोआप रोझरी म्हणत राहणारी पेटी. आवाज बरा आहे, तार आखूड आहे, मराठी नाही. घरातली सगळी माणसं आपापल्या मोबाइलमध्ये आणि कोपऱ्यात पेटी एकटी नमो मारिया म्हणतेय, हे दृश्य ज्याला खटकत नाही त्याने ती खुशाल घ्यावी.

रहस्यांचं, म्हणजे दर दशकाला मनन करायच्या प्रसंगांचं, मराठी पत्रक माळेसोबत फुकट मिळतं. त्यात अजून १५ च रहस्यं आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये सुचवलेली प्रकाशाची पाच त्यात नाहीत. जुन्या वळणाच्या घरांत याची तक्रार कुणी करणार नाही. पण गुरुवारी चर्चमध्ये प्रकाशाची रहस्यं म्हणत असतील तर नव्या माणसाचा गोंधळ होतो, तेव्हा नवं पत्रक मागून घ्या. काउंटरखाली गठ्ठा असतो.

मेणबत्त्यांचा विभाग हे या दुकानाचं खरं भांडवल, आणि डोळे सर्वांत जास्त उघडे ठेवायचे तेही इथेच. विकली जाते ती जवळजवळ सगळी पॅराफिनची. त्यात वावगं काही नाही, मेण स्वच्छ आणि वात नीट असेल तर घरच्या अल्तारीला (वेदीला) ती चालते. मेणाची जात वितळण्याच्या अंशावरून धरतात. ५८–६० हा मेणबत्तीचा नेहमीचा दर्जा. त्याहून मऊ मेण वापरलं की एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत उभी मेणबत्ती मान टाकते. ती कडक राहावी म्हणून चांगला कारखानदार स्टिअरिक अॅसिड घालतो. बुडाला नखाने ओरखडा काढून पाहा: तेलकट गाळासारखं निघालं तर मेण हलकं. रंगीत मेणबत्ती तिथेच कापलेली पाहा. आतून पांढरी असेल तर रंग वरवर बुडवलेला आहे, जळताना त्याचे पापुद्रे वातीत जाऊन धूर होतो.

वातीकडे कुणी पाहत नाही आणि बिघडते तीच. वेणीसारखी विणलेली सुती वात जळताना ज्योतीच्या कडेला वाकते आणि स्वतःचं टोक स्वतःच जाळत जाते. नुसती पिळलेली दोरी सरळ उभी राहते, तिच्या टोकाला काजळीचा गोळा बसतो, मग ज्योत लांबते आणि छताला काळा डाग पडतो. जाड मेणबत्तीत वात बारीक असेल तर मधोमध विहीर होऊन ज्योत बुडते. पेटवण्याआधी पाव इंच ठेवून वात कापायची, एवढ्या एका गोष्टीने निम्म्या तक्रारी मिटतात.

मधमाशांच्या मेणाची मेणबत्ती हवी असेल तर आधी सांगून ठेवावी लागते. खरं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, बोटांना किंचित चिकट लागतं (पॅराफिन घसरतं), नखाने त्याची गुंडाळी निघते, आणि थंडीत काही दिवस ठेवलं की वर पांढरट भुरी चढते. कापडाने पुसली की जाते, बुरशी समजून परत करू नका. ईस्टरच्या रात्री मेणबत्तीची जी स्तुती गातात तिच्यात मधमाशांच्या कष्टांचा उल्लेख आहे, आणि तो काही शोभेसाठी घातलेला नाही. 'बी-वॅक्स' लिहिलेल्या इथल्या स्वस्त मेणबत्त्यांत मात्र वास मधाचा आणि अंग पॅराफिनचं असतं.

ईस्टरची मोठी मेणबत्ती, म्हणजे पुनरुत्थानाची, हे दुकान धर्मग्रामांना (पॅरिशांना) पुरवतं. दोन प्रकार दाखवतात. एक अखंड मेणाची. दुसरी प्लास्टिकची नळी, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर छोटी मेणबत्ती. ती जळत जाते तशी स्प्रिंग वर ढकलते आणि बाहेरून मेणबत्ती वर्षानुवर्षं तेवढीच उंच राहते. हिशेबनिसाला हा प्रकार फार आवडतो. पण १९८८ च्या रोमच्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं आहे: ही मेणबत्ती मेणाचीच असावी, कृत्रिम कधीच नसावी, दरवर्षी नवी असावी, आणि एकच असावी. यात पळवाट नाही. अखंड मेणाची घेतानाही क्रुसाभोवतीचा वर्षाचा आकडा तिरप्या उजेडात धरून पाहा. मागच्या वर्षीचा शिल्लक माल असेल तर नव्या आकड्याच्या पट्टीखाली जुन्या आकड्याची सावली दिसते. विशेषतः शेवटच्या अंकाभोवती मेण खरवडल्याची खूण राहते. धुपाचे पाच खडेही मोजा. बहुतेकदा ते मेणाच्या लाल खिळ्यांत बसवलेले असतात आणि काही खिळ्यांच्या आत खडा नसतोच.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर लावायच्या बारीक मेणबत्त्यांच्या जुड्या खूप खपतात. संध्याकाळी समुद्राकडून वारा असतो, त्यात त्या टिकत नाहीत, म्हणून लोक चिकटून चिकटून पंधरा-वीस लावतात. मग सगळ्यांचं मेण एकदम वितळतं, त्या डबक्यालाच आग लागते आणि लादी तडकते. चार बोटं अंतर ठेवा, किंवा काचेच्या पेल्यातली बुटकी घ्या. विजेच्या मेणबत्त्यांविषयी एवढंच की बॅटरीचं झाकण स्क्रूचं असलेली घ्या आणि ती अल्तारीवर ठेवू नका. मेणबत्ती स्वतः झिजते म्हणून ती अर्पण. जे झिजत नाही ते नुसतं सामान.

धूप आणि कोळसा पावसाळ्यात घेऊ नये. गोल टिकल्यांचा कोळसा पटकन पेटावा म्हणून त्यात सोरा घातलेला असतो आणि अशी टिकली कोकणातली दमट हवा ओढते. चांगली टिकली पेटवली की ठिणग्या एका कडेकडून दुसरीकडे धावत जातात. मध्येच थांबल्या तर टिकली सर्दावलेली. पूर्ण राखाडी होईपर्यंत पाच-सात मिनिटं थांबूनच धूप टाका, नाहीतर सोऱ्याचाच वास येतो. करवंटीचा कोळसा पेटायला वेळ लागतो, पण वास नाही आणि टिकतो दुप्पट. दारात नारळ असताना टिकल्या का विकत आणतात हे कोडंच आहे. धूपात राळ मिसळलेली असते का ते दुकानातच कळतं: खडा कोळशावर ठेवल्याबरोबर उकळून काळा धूर सोडायला लागला तर राळ. खरा धूप सावकाश वितळतो, धूर पांढरा.

मूर्तींत प्लास्टर, रेझिन आणि फायबर असे तीन भाव. प्लास्टरची मूर्ती दिसायला सर्वांत सुबक आणि दोन पावसाळ्यांत सर्वांत केविलवाणी. बुडाकडून ओल चढते, रंगाला फोड येतात. बोटांत आणि मनगटात आधाराला घातलेली लोखंडी तार गंजून फुगते आणि बोट आडवं तडकतं. घ्यायचीच तर उलटी करून बूड पाहा. कच्चं, पांढरं असेल तर घरी दोन हात प्रायमर मारा आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. वाडीतल्या उघड्या क्रुसाजवळ फायबरच ठेवावं. उन्हाने रंग भुरा होतो, पण अंग टिकतं.

संत गोन्सालो गार्सिया वसईचे, १५५६-५७ च्या सुमाराचा जन्म, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर भाल्यांनी ठार केलेले, १८६२ मध्ये संत घोषित झालेले. त्यांची मूर्ती इथे मिळते, पण गळ्यात धर्मगुरूची पट्टी घातलेली. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते. साधा झगा आणि कमरेला तीन गाठींची दोरी हवी. साचा दुसऱ्याच संताचा, नाव बदललेलं. गावचा संत ओळखू येत नाही आणि परदेशी संतांच्या मूर्तींतला बारकावा मात्र अचूक, हे दुकानदाराचं पाप नाही. गिऱ्हाईकाने कधी हरकतच घेतलेली नाही.

संत बेनेडिक्टचं पदक सध्या जोरात आहे. मोटरसायकलच्या हँडलला, दुकानाच्या गल्ल्यात, घराच्या चारही कोपऱ्यांत. त्यावरची लॅटिन अक्षरं म्हणजे सैतानाला झिडकारणाऱ्या प्रार्थनेतल्या शब्दांची आद्याक्षरं आहेत. स्वस्त ओतकामात ती बुजलेली किंवा उलटी आलेली असतात, तेव्हा भिंगाखाली पाहूनच घ्या. त्याहून मोठा दोष पदकात नाही. प्रार्थना पाठ नाही, पापकबुली वर्षानुवर्षं नाही, आणि पदक लटकवलं की काम झालं, ही ख्रिस्ती श्रद्धा नव्हे, ताईत आहे. हीच गोष्ट यार्देन नदीच्या पाण्याच्या बाटल्यांची. आणि 'आशीर्वादित' म्हणून जास्त भावाने विकलेली कुठलीही वस्तू घेऊ नका. आधी विकत घ्यायची, मग फादरांकडे नेऊन आशीर्वाद घ्यायचा. क्रम उलटा झाला की तो धंदा होतो. स्कॅप्युलरसाठी कापड लोकरीचं हवं. इथे मिळतं ते पॉलिएस्टरच्या नमद्यावर प्लास्टिकचं चित्र, घाम शोषत नाही आणि कडा टोचतात. लोकरीचं मागितलं तर मागच्या ड्रॉवरमधून काढून देतात.

बायबल घेताना अनुक्रमणिका उघडा आणि मक्काबीची पुस्तकं शोधा. असतील तर ७३ पुस्तकांचं कॅथलिक बायबल, नसतील तर ६६ चं प्रॉटेस्टंट. दुकान दोन्ही ठेवतं, कारण रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडच्या जुन्या मिशनच्या कुटुंबांचीही मागणी असते, आणि दोन्हींची वेष्टनं सारखीच काळी. पुस्तक मधोमध उघडून शिवण दिसते का बघा. नुसता डिंक असेल तर तो आपल्या हवेत तीन-चार वर्षांत सुटतो. मराठी प्रती चार-पाच, इंग्रजी दोन फळ्या भरून. लहान मुलांची सचित्र पुस्तकं जवळपास सगळी इंग्रजीच. ज्या किनाऱ्यावर एका इंग्रज जेझुइटाने मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचून १६१६ मध्ये छापून घेतलं, तिथे सामवेदी आणि वाडवळी बोलणाऱ्या आया आपल्या मुलांसाठी 'स्वर्गातील बापा' इंग्रजीत मागतात. मुलं ती प्रार्थना घडाघडा म्हणतात. आजीला मात्र सोबत म्हणता येत नाही, आणि घरातली सामुदायिक प्रार्थना तिथेच मोडते. उपासना लोकभाषेत आणण्यासाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) दार उघडलं होतं. त्या दारातून आपण उलट्या दिशेने चाललो आहोत.

नोव्हेंबर लागला की कॅलेंडरं येतात. विकतच्या कॅलेंडरची परीक्षा सोपी आहे: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरले पाहिजेत, त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस. २०२६ ला राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला, २०२७ ला १० फेब्रुवारी आणि २८ मार्चला. शुक्रवारी माशाचं चिन्ह असतं, म्हणजे मांस वर्ज्य. हे १४ वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना. उपवास १८ पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. (कोकणात मांस सोडून शुक्रवारी पापलेट खाणं म्हणजे प्रायश्चित्त नव्हे, मेजवानी. पापलेट सोडून दाखवा.)

दुसरं कॅलेंडर फुकटचं, ठरावीक रकमेच्या खरेदीवर. वर येशूचं पवित्र हृदय आणि त्याच्याच खाली हात जोडलेला भावी उमेदवार, नाहीतर बिल्डर. काही वर्षी एकच माणूस दोन्ही असतो. कागद विकतच्यापेक्षा जाड, छपाई उत्तम, सणांच्या तारखांत चुका. ते अल्तारीच्या वर टांगू नका, एवढाच सल्ला. सीझरचं सीझरला द्यायला प्रभूने सांगितलं आहे, पण सीझरचा फोटो देवघरात लावायला सांगितलेलं नाही. धर्मगुरूंनी सत्तेची पदं घेऊ नयेत, पक्षांत सक्रिय राहू नये हे चर्चचा कायदा सांगतो. पण सणाच्या मंडपाचा खर्च कुणी केला हे व्यासपीठावर कोण बसलंय त्यावरून कळायला लागलं, की कायदा कागदावर उरतो. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा असं पौलाने तिमथ्याला लिहिलं. त्याचा अर्थ हार घाला असा नाही.

आणि उमेदवार दारात आला की आपण विचारतो काय? सूर्या धरणाचं पाणी कधी, टँकर कधी, रस्ता कधी, अल्पसंख्याकाचा दाखला कुठे. रास्त प्रश्न आहेत. पण गावातल्या वाढत्या परमिट रूमविषयी, जमिनीच्या व्यवहारातल्या रोखीविषयी, १९७१ च्या गर्भपात कायद्याविषयी आणि २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतल्या स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवलेल्या मुदतीविषयी ख्रिस्ती मतदार म्हणून एक शब्द निघत नाही. देश रसातळाला चालला हे या दुकानाच्या रांगेतही रोज ऐकू येतं. फेरफार लवकर व्हावा म्हणून पाकीट देऊन आलेला माणूसच ते म्हणत असतो आणि रविवारी तो तिसऱ्या बाकावर असतो. अशा वेळी घसरण दिल्लीत सुरू झाली असं म्हणणं सोयीचं असतं.

शेवटच्या काळाच्या पुस्तिका याच फळीवर आहेत. अमुक चिन्ह म्हणजे ख्रिस्तविरोधक, तमुक कार्ड म्हणजे श्वापदाचा आकडा. त्या घेऊ नका. तो दिवस आणि घटका कुणालाच ठाऊक नाही हे मार्कच्या तेराव्या अध्यायात खुद्द प्रभूने सांगितलं आहे. ज्याला खात्रीने तारीख ठाऊक असते त्याला बहुधा पुस्तिकेचा खपही ठाऊक असतो.

आता दाराशी परत येऊ, मगांकडे. या दुकानात माळेनंतर सर्वाधिक खपणारी वस्तू ही असावी. दोन फळ्या दर आठवड्याला नव्याने भरलेल्या दिसतात. मग साधा पांढरा, उष्णतेने छाप उठवलेला. घासणीने घासलं तर आधी सोनेरी अक्षरं जातात, सोनेरी कड असलेला मग मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या पाडतो. मराठी मगांवर 'ख्रिस्त'ची वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेली असते, फॉन्ट बदलताना झालेली जुनी चूक आहे, कुणी दुरुस्त केलेली नाही. आणि दहांतल्या सहा मगांवर एकच वचन: यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमच्यासाठी हिताच्या योजना आहेत, आशेचं भविष्य आहे. परीक्षेच्या आधी देतात, व्हिसाच्या मुलाखतीआधी देतात, कॅनडाला निघालेल्या पोराच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून घालतात.

हे वचन बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या लगेच आधीच्या ओळीत म्हटलंय की सत्तर वर्षं थांबावं लागेल. म्हणजे ज्यांना पत्र आलं त्यांतले बहुतेक परतण्याआधीच मरणार होते. आणि त्याच्याही आधी, पाचव्या वचनापासून, करायची कामं दिलेली आहेत: घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, संख्येने कमी होऊ नका, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी झटा, प्रार्थना करा. शत्रूच्या नगराच्या भल्यासाठी. पाचव्या, सहाव्या, सातव्या वचनाचा मग दुकानात नाही. विचारलं तर 'तसा येत नाही' असं उत्तर मिळतं.

वसईत तो खपणारही नाही. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या गुंठ्यांनी विकल्या जात आहेत, बावखलं (वाडीतली गोड्या पाण्याची तळी) भरून त्यांवर खांब उभे राहत आहेत, आणि विकणारा कुणी परका नाही. ज्याच्या दिवाणखान्यात अकराव्या वचनाचा मग आहे तोच सातबारा घेऊन निघालेला असतो. दोन मुलं परदेशात, आईबाप सदनिकेत, नाताळला व्हिडिओ कॉल. बागा लावा हा त्याच पत्रातला हुकूम आहे, पण हुकूम मगवर शोभत नाही. फिलिप्पैकर ४:१३ चंही तेच. 'मी सर्व काही करू शकतो' असं व्यायामशाळेच्या बाटलीवर छापतात. लिहिणारा तुरुंगात होता आणि विषय उपाशी कसं राहायचं हा होता.

दुकानाच्या सेवेबद्दल थोडक्यात. बिल मागितलं तरच देतात. फुटलेली मूर्ती बदलून मिळत नाही, वाकलेली मेणबत्तीही नाही, तेव्हा तिथेच कागद काढून पाहा. लोकलने न्यायची असेल तर मूर्ती आडवी बांधून घ्या, मानेखाली कागदाची गुंडाळी मागून घ्या. मोबाइलवर ऑर्डर दिली तर फोटोतला माल आणि पाठवलेला माल यांत रंगाचा फरक पडतो. ऑक्टोबर आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा सोडून जा, विक्रेत्याला बोलायला वेळ असतो आणि तो जाणकार आहे.

एका गोष्टीसाठी मात्र या दुकानाची शिफारस बिनदिक्कत करावी: माळांची दुरुस्ती. मागच्या भिंतीशी एक टेबल आहे, त्यावर पत्र्याच्या डब्या, बारीक पक्कड, तारेची रिळं. साधारण आठवड्यात काम मिळतं आणि दर दुव्यावर असतो, माळेवर नाही. सुटलेले सगळे मणी डबीत घालून न्या, कागदाच्या पुडीतून एकदोन नेहमी पडतात. जुन्या लाकडी मण्यांची भोकं बारीक असतात, म्हणून तार बारीक लागेल हे आधी सांगा, नाहीतर ते भोक मोठं करायला जातात आणि मणी उभा चिरतो. क्रूस पितळेचा असेल तर पॉलिश नको म्हणा. आणि आजीची माळ असेल, दहांतले दहा मणी एका बाजूने सपाट झालेले असतील, तर चिठ्ठीवर ठळक लिहून द्या की घासलेले मणी बदलायचे नाहीत. न सांगितल्यास नवे चकचकीत घालून देतात आणि जुने केराच्या डब्यात जातात.